आईची फेरी आणि बाबांची खुर्ची

या नवरात्रात माझी आई गरबा खेळली. कारेलीबागेत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्कूटर कडेला लावून केलेल्या छोट्याशा गोलात...

बडोद्यात राहून यात विशेष काय, असं वाटेल. म्हणून आधी बाबांबद्दल सांगते.

बाबा रिफायनरीत फिटर होते. आता त्यांना डिमेन्शिया आहे. जेवलो की नाही हे आठवत नाही, माझं नावही कधी येतं, कधी नाही. पण आई दिसली नाही की लगेच कळतं. मग ते तिला शोधत अनवाणी जिन्यात जातात, मी जवळ असले तरी. आई आंघोळीला गेली की आतून मोठ्याने बोलत राहते... भाजी काय करायची, सिलिंडर कधी येणार... म्हणजे त्यांना तिचा आवाज येत राहतो.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. या आजाराबद्दल मिळेल ते वाचते आणि आईला सांगते. सांभाळणाऱ्याने स्वतःसाठी वेळ काढलाच पाहिजे, हे तर सारखंच. एकदा कणीक मळता मळता तिने शांतपणे विचारलं, "काढते की. तेवढा वेळ तुझ्या बाबांना कुठे ठेवू, तेही लिहिलंय का त्यात?"



लग्न होऊन जळगावहून आली तेव्हा आईला गरबा येत नव्हता. समोरच्या कोकिलाबेननी शिकवला आणि ती त्यात अशी रमली की नवरात्र जवळ आलं की तिची चालच बदलायची. गेली दोन वर्षं मात्र ती गॅलरीत बाबांचा हात धरून उभी असायची. पाय जागच्या जागी ताल धरायचे.

यंदा आरती झाल्यावर कोकिलाबेन वर आल्या. बाबांनाही खाली घेऊन या म्हणाल्या, "भाईने पण लई आवो. खुरशी मूकावी छे."

खुर्ची खरंच मांडलेली होती, गोलाच्या अगदी कडेला. मी बाबांना बसवलं आणि शेजारी उभी राहिले. आई मागे वळून बघत बघत गोलात शिरली.

ती गोलामधल्या माताजींच्या मांडवामागे गेली आणि बाबा उठले. मी त्यांना समजावायला सुरुवात करते तोवर ती दुसऱ्या बाजूने टाळ्या वाजवत आलीही. "इथंच आहे हो," म्हणाली आणि पुढे गेली. बाबा बसले, परत उठले. ती परत आली...

हळूहळू त्यांचं उठणं थांबलं. आई मांडवामागे गेली की ते मान वळवून ती जिथून यायची तिकडे बघायला लागले. एकदा तिला यायला जरा उशीर झाला. मी टाचा उंचावून बघत होते, तर बाबांनी माझा हात थोपटला.

"थांब. येईल आता."



गरबा संपला, पण आईने हे फिरणं तिथेच सोडलं नाही. आता रोज संध्याकाळी ती बूट घालून बिल्डिंगभोवती फेऱ्या मारते. बाबा पहिल्या मजल्यावर जाळीच्या गॅलरीत गरब्यातल्या त्याच खुर्चीवर बसतात, त्यांच्याकडे लक्ष असावं म्हणून समोर कोकिलाबेन दार उघडं ठेवतात. खालून जाताना आई दरवेळी हात वर करते. एखाद्या दिवशी हे जमत नाही, बाबा घाबरे होतात. मग ती त्यांनाही सोबत घेऊन चालते आणि दुसऱ्या दिवशी परत एकटी निघते. हे तिचं तिने शोधून काढलंय...

काल सयाजीगंजहून ऑफिस सुटून आले. गेटवर रिक्षातून उतरून वर पाहिलं, गॅलरीत बाबा होते. आई कुठेच दिसेना. बाबांनी जाळीतून तळहात दाखवला... थांब.

मी थांबले. आई कोपऱ्यावरून आली, घामाघूम, ओढणी कमरेला खोचलेली, चेहरा असा मोकळा की बघत राहावं. मला वाटलं, आता माझ्याबरोबर वर येईल.

"तू हो पुढे, चहा टाक. माझ्या अजून दोन राहिल्यात."

आणि गेलीसुद्धा.

कोकिलाबेनना मराठी वाचता येत नाही, तेव्हा हे मी त्यांना वाचून दाखवणार आहे. ती खुर्ची अजून आमच्या गॅलरीतच आहे, बेन. एवढ्यात परत मागू नका...