एका भाकरीचा कुत्रा
राखणीच्या कुत्र्याची किंमत मी एक भाकरी ठेवली, तिथंच चुकलो. नाचणीची भाकरी करपल्याचा वास आला की अजून ते आठवतं. किन्हवलीला मित्राच्या ओटीवर आम्ही फासे टाकून राजा-राक्षसांचा खेळ खेळायचो. गोष्ट रचायची, राक्षस चालवायचा आणि बाजारातल्या वस्तूंचे भाव ठरवायचे, हे काम माझं. घोड्याला, तलवारीला मोहरा लावल्या. पण आमच्याकडे कुत्रा विकत कोण घेतं? पिल्लू मागितलं की मिळतं, भाकरी टाकली की राहतं. त्यात आमच्या शेतावरच्या कुत्र्यानं रानडुक्कर पळवलेलं, म्हणून अभिमानानं ताकदही सरदाराएवढी दिली. महिनाभर घडवलेला माझा राक्षस त्या दिवशी पहिल्यांदाच गुहेबाहेर येणार होता; मला एका जागी बसवत नव्हतं. मित्रांनी खेळातल्या शिदोरीच्या सगळ्या भाकऱ्या देऊन कुत्र्यांची फौज उभी केली आणि राक्षसानं तोंड उघडायच्या आत त्याला फाडला. "थांबा, ताकद कमी करतो!" मी ओरडलो. "आता नाय रे, भाव तूच लावलास ना?" मी येरझाऱ्या घालू लागलो आणि ओटीच्या कडेला निजलेल्या खऱ्या कुत्र्याच्या शेपटीवर पाय दिला. तो गुरगुरला, मी थेट चुलीपाशी, भाकऱ्या थापणाऱ्या मित्राच्या आईच्या मागे; त्या गडबडीत तव्यावरची भाकरी करपली. आजही खेळातले भाव मीच ठरवतो, पण कुत्र्याच्या किमतीपाशी आलो की हात अडतो नि तिचं तेव्हाचं बोलणं ऐकू येतं, "तो एक भाकरी खातो नि घर राखतो. तू चार खाल्ल्यास, तुला एक राक्षस राखता आला नाय!"