खाडीत बांधलेली पाळ

घनश्याम जेवला असेल का, हा प्रश्न मागेच पडला. तो जिवाचं काही बरंवाईट करून घेईल, ही धास्ती मनातून जात नाही.

माझा हा मुलगा दिघोरीच्या तलावाच्या पाळीवर वाढला. आमच्याकडे पाणी म्हणजे अडवायचं. पाळ पक्की तर गाव निर्धास्त. सिव्हिलचा डिप्लोमा करून तो कोकणात एका संस्थेत लागला. खाडीकाठच्या एका गावासाठी त्यानं मासे पाळायची तळी आखली, आणि मधोमध सगळ्यांची जागा: जाळी वाळवायला, मासे निवडायला, बायकांना घडीभर टेकायला. सावलीसाठी खारफुटीची झाडं त्यानं तोडू दिली नाहीत, तळ्यातच घेतली. भोवती गावानं श्रमदानातून पाळ बांधली. अगदी दिघोरीसारखी, थेंब बाहेर जाऊ न देणारी.

पण ती झाडं भरती-ओहोटीवर जगतात. त्यांची मुळं चिखलातून वर येऊन श्वास घेतात. कोंडलेल्या पाण्यात ती बुडाली. पानं पिवळी पडली, मग मासे उलटे तरंगू लागले.

पाळ फोडू या, असं तो म्हणाला. संस्थेचे साहेब म्हणाले, उद्घाटन होऊ दे. गाव म्हणालं, आमच्या घामाची पाळ आहे, हात लावून तर बघ.

हे सगळं भय्याजींकडून कळलं. माझे दीर, लाखांदूरला तांदळाचा व्यापार करतात. मुंबईला गेले होते, तसेच पुढे त्याला भेटून आज परतले, ते आधी आमच्याकडे आले.

"वहिनी, पोरगा दिवसभर चिखलात बसून राहते. मले म्हणे, काका, मी झाडं बुडवून मारली."

"तुम्ही काय म्हटलं?"

"म्हटलं, घरी चाल, आपल्या तलावात डुंबून घे. हासला बी नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्याच्या बाबाची तब्येत बिघडली म्हणून फोन लावा. धावत येते तो."

"अन् आल्यावर?"

"आल्यावर पाहू. जीव तर वाचते."

संध्याकाळपर्यंत मलाही तेच पटत होतं. पण भय्याजी बोलता बोलता म्हणाले होते, काठाची थोडी झाडं अजून हिरवी आहेत. तीही मेली, तर घनश्याम घरी येऊनही माझ्या हाती लागणार नाही.

उद्या पहिल्या एसटीनं लाखांदूरला जाईन आणि भय्याजींच्या दुकानातून घनश्यामच्या संस्थेत ट्रंक कॉल लावीन. आजाराचं खोटं सांगणार नाही. सांगेन, मी निघाले आहे, कुदळ तयार ठेव. पाळ आपण दोघं फोडू. गाव अंगावर आलं, तर आधी मी पुढे होईन.