मागाच्या खांबावरचा सर्व्हर

हार्डडिस्क टिकटिक करायला लागली, त्या दिवशी मला कळलं की मी किती मोठा मूर्खपणा करून बसले होते. आंधळगावच्या आमच्या घरात बाबा कोशाच्या रेशमाची, काठाला करवतीसारखे दाते असलेली करवतकाठी साडी विणायचे. ते विणताना मी दोन वर्षं फोनवर व्हिडिओ काढले. आडवा धागा नेणारे तीन धोटे कसे फिरवायचे, काठाचे दाते कसे जुळवायचे, सगळं ते बोलून दाखवत. फोन भरला की मी व्हिडिओ एका जुन्या डिस्कवर टाकायचे आणि फोनमधून पुसून मोकळी व्हायचे. दुसरी कॉपी कशाला लागते, असं वाटायचं. मग बाबांना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. आता त्यांचा आवाज फक्त त्या एका डिस्कमध्ये होता, आणि ती टिकटिक करत होती.

लहान भाऊ म्हणाला, घरीच सर्व्हर करू. एक कॉम्प्युटर कायम चालू ठेवायचा, त्यात सगळे व्हिडिओ भरायचे आणि टीव्हीवर, फोनवर हवे तेव्हा बघायचे. बाबांनाही पलंगावरून बघता येतील. कल्पना मला पटली. अडचण एवढीच, की माझ्याकडे बारा हजार होते आणि ह्याची स्वप्नं तीस हजारांची.

भंडाऱ्याच्या दुकानात आमची जुंपलीच. त्याच पैशांत दोन गोष्टी बसत होत्या. एक, बरा प्रोसेसर आणि जास्त रॅम असलेली मशीन, पण डिस्क एकच. दुसरी, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला जुना काळा डबा, पण त्यात दोन नव्या डिस्क. एकीत जे टाकाल ते दुसरीतही आपोआप उतरणार. भावाला पहिली हवी होती. मोठे सिनेमे अटकणार नाहीत, म्हणे. आठ दिवस यूट्यूब पाहून तो जणू इंजिनियर झाला होता. माझं टाळकं सटकलं. दुकानदारासमोरच मी त्याला सुनावलं, की एकाच डिस्कवर भरवसा ठेवून मी आधीच माती खाल्ली आहे, आता पुन्हा नाही. दुकानदार बिचारा मान खाली घालून बिल बनवायला लागला. आम्ही काळा डबा घेतला.

सर्व्हर ठेवायचा कुठे, हा विचारसुद्धा कोणी केला नाही. इन्व्हर्टरचा प्लग मागाच्या खोलीत, राउटर तिथेच, कारण भाऊ गाणी ऐकत विणतो. मागाच्या खांबाला लाकडी फळी ठोकलेली होती, तिच्यावर डबा ठेवला. शेजारी जुनी डिस्क वायरीने जोडली. कॉपी सुरू केली. भावाकडे लग्नाच्या, साध्या काठाच्या साड्यांची ऑर्डर होती, तो मागावर बसला. बाबांचा पलंग त्याच खोलीत, खिडकीपाशी.

पहिले वीस-पंचवीस व्हिडिओ सरळ उतरले. मग स्क्रीनवरचा टक्क्यांचा आकडा अडकला. टिकटिक. पुन्हा हलला, पुन्हा अडकला. तासाभराने स्क्रीनवर लाल अक्षरं आली, एक फाइल वाचता येत नाही म्हणून. मी वायर बदलली, सर्व्हर बंद करून चालू केला, डिस्क पालथी केली, उताणी केली. मग भावावर घसरले. तुला करवतकाठ शिक, शिक म्हणून बाबा मरमर सांगत होते, तू उद्यावर ढकलत राहिलास, आता काय शिकशील? तो धागा घट्ट बसवायची फणी ठोकत राहिला, जरा जास्तच जोरात.

तेवढ्यात बाबांनी डावा हात वर केला. मला वाटलं पाणी हवंय. पेला नेला तर त्यांनी तो बाजूला सारला आणि पलंगाच्या पाटीवर बोट आपटलं. एकदा. थांबले. पुन्हा एकदा. डोळे मागाकडे. मी वैतागून म्हटलं, काय बाबा, मला आधीच काय कमी ताप आहे? ते थांबले नाहीत. ठोक, ठोक. मी नीट ऐकलं, तेव्हा कळलं. त्यांचं बोट, फणीचा ठोका आणि डिस्कची टिकटिक, तिन्ही एकाच वेळी येत होती.

"थांब! माग थांबव!" मी ओरडले.

भावाचा हात जागच्या जागी थांबला. टिकटिक थांबली. दहा-बारा सेकंदांनी आकडा हलला. मागाचा प्रत्येक हिसका खांबातून फळीला आणि फळीतून त्या मरतुकड्या डिस्कला बसत होता. आमचा जन्म ह्या ठोक्यात गेला, तो आम्हाला ऐकूच येत नाही. बाबांना मात्र आला. लाज वाटली मला, खरंच लाज वाटली.

भावाने डबा आणि डिस्क दोन्ही उचलून बाबांच्या उशाशी, जाड चादरीच्या घडीवर ठेवली. माग संध्याकाळपर्यंत बंद राहिला. ऑर्डरवाल्याचा दोनदा फोन आला, त्याने उचलला नाही. आम्ही तिघंही त्या आकड्याकडे बघत बसलो. मधले तीन व्हिडिओ गेले ते गेलेच. बाकी सगळे आले. लाल अक्षरांची ती फाइलही शेवटी आली.

टीव्हीवर आधी तीच लावली. लकवा मारायच्या आठवडाभर आधीची. पडद्यावर बाबांचे हात, तीन धोटे, काठाचे लाल दाते. माझा आवाज आला, भावाला हाक मारणारा, बस जरा इकडे, बघ. भाऊ आतून म्हणाला, उद्या. मग बाबा कॅमेऱ्याकडे बघून हसले.

"काहून शूट करून राहिली माय? शिकन तो. मी का कुठी जाऊन राहिलो?"

भाऊ उठून खोलीबाहेर गेला. मला वाटलं, गेला आता, रात्रीशिवाय येत नाही. पण तो आतल्या खोलीतून बाबांचे तीन धोटे घेऊन आला, बाबांच्या डाव्या हातात एक दिला आणि पलंगाजवळ खाली बसला. मला म्हणाला, व्हिडिओ पुन्हा लाव, सुरुवातीपासून.