वलंदेजाची खुर्ची

कोणताही ग्लास हातात आला की तो आधी त्याला बाहेरून दोन बोटं आडवी लावायचा. ग्लासात बिअर असो, कोक असो, नाहीतर घरोघरचे पदार्थ जमवून होणाऱ्या शनिवारच्या पॉटलकला माझ्या बायकोने केलेलं ताक असो. दोन बोटांइतका फेस दिसला नाही की मान हलवायचा. "वहिनी, दोन बोटं फेस पाहिजे. आमच्या गावात असा ग्लास परत देतात."

"मग द्या परत," बायको म्हणायची. तो द्यायचा नाही. पिऊन टाकायचा आणि वर दुसरा मागायचा.

'आमचं गाव' म्हणजे अकोला असेल असं तुम्हाला वाटेल, कारण जन्म, शाळा, मुंज सगळं त्याचं अकोल्याचं. पण नाही. हे गाव हॉलंडमधलं. इथे अमेरिकेत पार्सिपनीला आमच्या प्रोजेक्टवर येण्याआधी कंपनीने त्याला तिथल्या एका क्लायंटकडे काही वर्षं ठेवलं होतं. एक चर्च, एक कालवा, चार पब आणि उरलेल्या जागेत गाई. एवढ्या भांडवलावर हा माणूस आमच्या डोक्यावर मिरे वाटायचा. शाळेच्या इतिहासात डचांना वलंदेज म्हणत, म्हणून आम्ही त्याला पाठीमागे वलंदेज म्हणू लागलो. पाठीमागे कसलं, तोंडावरही म्हणायचो. त्याला ती पदवी वाटायची.

तुमच्याही ओळखीत असा एक असणारच. राहतो एकीकडे आणि गोडवे गातो दुसरीकडचे. फरक इतकाच की बाकीचे लोक निदान लंडन-पॅरिसचे गोडवे गातात. ह्याचं गाव नकाशावर बोटाने झाकलं जाईल एवढं, आणि त्यातल्या चार पबांचे ह्याने नंबर लावलेले. पुलाजवळचा चौथा, तिथे सायकलवाले टूरिस्ट येतात, जायचं नाही. चर्चसमोरचा तिसरा. फुटबॉल मैदानाशेजारचा दुसरा, पण टीम हरली असेल तर टाळायचा. आणि पहिला म्हणजे कालव्याच्या कडेचा 'ब्राउन कॅफे'. त्याचं नाव घेताना तो आवाज खाली आणायचा, देवळात आल्यासारखा.

हे ज्ञान तो कुणालाही वाटायचा. माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. चातुर्मासात कांदासुद्धा न खाणारी बाई. त्यांना म्हणाला, "काकू, परत जाताना ॲमस्टरडॅमला उतरा. ट्रेन, मग बस. पुलाजवळ मात्र बसू नका, तिथला बिटरबॉल गार असतो." बिटरबॉल म्हणजे मांसाचा तळलेला गोळा, हे सांगायचं त्याला सुचलं नाही. तो गेल्यावर सासूबाईंनी मला हळूच विचारलं, "हा मुलगा मला नेमकं कुठे उतर म्हणत होता?"

एकदा आम्ही त्याला हायवेवरच्या स्पोर्ट्स बारमध्ये नेलं. आत शिरताच नाक मुरडलं. "ह्याला पब म्हणतात? टीव्हीचं दुकान आहे हे. ती वेट्रेस नाव विचारते आणि पुढच्या टेबलाशी जाईपर्यंत विसरते." मग एकच बिअर पूर्ण संध्याकाळ पुरवली आणि आमच्या सगळ्यांच्या फ्राइज संपवल्या. पबांचा हा मोठा जाणकार, पण पिणं चिमणीचं.

पण कहर होता तो खुर्चीचा. "ब्राउन कॅफेत माझी खुर्ची ठेवलेली असते. खिडकीजवळ. अजूनही." कोणी हसलं की त्याचं ठरलेलं उत्तर, "जाऊन ये, मग बोलू." इथे वाद संपायचा, कारण तिथे जाणार कोण?

मी गेलो. ॲमस्टरडॅमला क्लायंट मीटिंग निघाली आणि मधला रविवार मोकळा मिळाला. आता मी पडलो पुण्याचा. कुणाची थाप उघडी पाडायची संधी चालून आली तर ती सोडणं आमच्या रक्तात नाही. ट्रेन घेतली, बस घेतली, पावसात उतरलो.

गाव अगदी त्याच्या वर्णनासारखं निघालं, म्हणजे बघण्यासारखं काहीही नव्हतं. त्याचा दुसरा नंबर बंद पडला होता आणि तिथे सायकली भाड्याने मिळत होत्या. तिसऱ्यात मालक माझ्याकडे असा बघत राहिला की मी ऑर्डर न देताच बाहेर आलो. ज्याच्यात जाऊ नको म्हणाला होता त्या चौथ्यात सूप उत्तम होतं. मनातल्या मनात मी शनिवारचं भाषण तयार करायला घेतलं.

ब्राउन कॅफे शेवटी गाठला. एवढीशी जागा, तंबाखूच्या धुराने काळपट तपकिरी झालेल्या भिंती, टेबलांवर चक्क गालिचे. मालकीणबाई म्हाताऱ्या. मी भारतीय दिसल्यावर त्यांनी आपणहून त्याची चौकशी केली. नाव बरोबर घेतलं, अकोल्यासकट. मी म्हटलं, हो, आम्ही बरोबर काम करतो. बाईंनी फेसावरून सुरी फिरवत ग्लास पुढे ठेवला आणि हसू लागल्या.

"तो पहिल्यांदा कसा आला सांगितलं का त्याने?"

नव्हतं सांगितलं. कसं सांगेल? ऑफिसातल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं, संध्याकाळी एकटा बसू नकोस, ब्राउन कॅफेत जात जा. भिंतींच्या रंगावरून जुन्या पबांना तिथे तसं म्हणतात. हा समजला, ब्राउन लोकांचा कॅफे! आपली माणसं असणार. इस्त्रीचा शर्ट घालून आला, दारात उभं राहून सगळीकडे बघितलं आणि विचारलं, "बाकीचे कुठे आहेत?"

सगळा पब हसून हसून लोळला. बाईंनी भिंती दाखवल्या तेव्हा त्याचा चेहरा असा झाला, की त्यांनी खिडकीजवळची खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बस. तू आलास, आता खरा ब्राउन कॅफे झाला." त्यानंतर तो रोज तिथेच बसायचा.

खुर्ची होती. तिच्यावर एक जाडं मांजर झोपलं होतं.

तुम्हाला खरं सांगतो, मला लॉटरी लागल्यासारखं झालं होतं. ह्या एका किश्शावर वलंदेज जन्मभर तोंड वर काढणार नव्हता. पैसे देऊन उठलो तेव्हा बाईंनी विचारलं, "अमेरिकेत त्याला बाकीचे मिळाले का?"

मी म्हटलं, "हो. पुष्कळ." आणि बसस्टॉपपर्यंत स्वतःवरच चिडत गेलो, कशासाठी ते मला कळेना.

शनिवारी सगळे टपूनच बसले होते. मी पबांची यथेच्छ बिनपाण्याने केली. लोक हसत होते. तो मात्र ताकाच्या ग्लासला दोन बोटं लावून तसाच बसला होता.

"आणि पहिला नंबर? ती काही बोलली माझ्याबद्दल?"

त्याचा चेहरा बघितला. बाईंनी वर्णन केला होता तो हाच असणार.

"खुर्ची आहे म्हणाली," मी म्हटलं.

"सांगितलं होतं ना!" तो ओरडला, आणि पुढचे कित्येक शनिवार त्याने आम्हाला जगणं नकोसं केलं. मला माझाच राग येत होता.

मग आमचा प्रोजेक्ट संपला आणि त्याला अमेरिकेतच लांब कॅरी नावाच्या गावात दुसरा जॉब मिळाला. तो गेला. शनिवारी ताक कसंही ओतलं तरी कोणी काही म्हणत नाही.

परवा कॅरीहून कॉलेजच्या मित्राचा फोन आला. "अरे यार, तुमच्या पार्सिपनीचा एक नग आलाय आमच्या ग्रुपमध्ये. डोकं खातो नुसतं! कुठलाही प्रोग्रॅम करा, आमच्या पार्सिपनीत असं नव्हतं म्हणतो. म्हणे तिथे तुमची शनिवारची बैठक असते आणि त्याची खुर्ची अजून ठेवलेली असते. आहे का रे खरंच?"

आमच्याकडे घडीच्या खुर्च्या आहेत. सगळ्या सारख्या. आधी येईल तो बसतो.

"आहे," मी म्हटलं. "जाऊ दे, तुला फोनवर नाही कळायचं. येऊन बघ, मग बोलू."