तीन लेकरांतून एक बाप

कान थोरल्याचे मिळाले होते, कपाळ धाकट्याचं, हनुवटी लेकीची. नाकापाशी येऊन मी अडकले होते.

दौंडला स्टेशनजवळच्या फोटो स्टुडिओत मी टचिंग करायची. टचिंग म्हणजे फोटोतले डाग, फाटलेली जागा ब्रशनं आणि पेन्सिलीनं भरून काढायची. कुणी शिकवलं नाही, बघून बघून हात बसला. तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. दोन फोटो एक करायचे तर कात्रीनं कापायचे, चिकटवायचे, टचिंग करायचं आणि त्याचाच पुन्हा फोटो काढायचा.

वरवंडच्या पारूबाई तिन्ही लेकरांना घेऊन आल्या होत्या. थोरला कारेगावला राहून कंपनीत जायचा. नवरा रेल्वेत गँगमन होता, लेकरं लहान असतानाच गेला. त्याचा एकही फोटो नाही.

"लेकरांवरनं काढून द्या," म्हणाल्या.

"दिसायला कसे होते, मावशी?"

"चांगलं हुतं." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच बोलल्या, "खरं सांगू का बाई, मला आता तोंडच आठवत न्हाई त्यांचं. डोळं मिटलं की नुसती टोपी दिसती."

आमचे मालक आप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, न्हाई म्हणून सांगा. नसलेल्या मानसाचं टचिंग कुठं असतंय व्हय?"

मी नाही म्हटलं नाही. स्टुडिओत येणारे कॉलेजचे एक सर मला समजावून सांगायचे, की लेकरू निम्मं आईकडून घेतं, निम्मं बापाकडून. कुठलं निम्मं, ते नशिबावर. शरीर घडवायच्या ज्या सूचना लेकराला मिळतात, त्यांना जीन म्हणायचं. आणि एका नाकामागे अशा कितीतरी बारीक सूचना असतात, म्हणून भावाभावांची नाकंही वेगळी. मी हिशेब केला: लेकरांत आईसारखं असेल ते वजा करायचं. उरेल तो बाप.

पण नाक तिघांचंही आईचंच. वजा केल्यावर काही उरेना. शेवटी माझ्या मनानंच एक बेताचं, सरळ नाक काढलं.

पारूबाईंनी बघितलं. "कान त्यांचंच. कपाळबी. पन ह्यो बाप्या कोन?"

"आये, तलाठी दिसतोय कुठलातरी," थोरला म्हणाला. सगळे हसले. त्या हसल्या नाहीत.

आप्पांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी सहज विचारलं, "मावशी, सासूबाई कुणासारख्या दिसायच्या?"

"माझ्या बापासारख्या. भनच की त्याची. आत्याच्याच घरात दिलती मला."

मी कात्री खाली ठेवली. नवरा म्हणजे सख्खा आतेभाऊ! पारूबाईंचा बाप आणि नवऱ्याची आई सख्खे भाऊबहीण. म्हणजे आईचं म्हणून मी जे वजा करत बसले होते, ते बापाचंही असू शकत होतं. नक्की नाही, पण तिन्ही लेकरांत एकच नाक उतरलं होतं ना.

"मावशी, खुर्चीवर बसा. तुमचं नाक पाहिजे."

"आगं बया! बाईचं नाक बाप्याला लावती व्हय?"

आप्पा आता मात्र हसले, आणि स्वतःच लाइट लावायला उठले. पारूबाईंच्या फोटोतलं नाक मी जरा रुंद करून लावलं, खाली थोरल्याची मिशी दिली आणि चिकटवलेलं तसंच पारूबाईंच्या हातात ठेवलं.

त्यांनी ते उजेडाकडे धरलं. मग वरच्या ओठाच्या कडेला बोट टेकवलं. "हितं मिशी नव्हती. गुऱ्हाळात काकवी उडून भाजलं हुतं. हितं केसच यायचं न्हाईत."

"आये, हे कवा सांगितलं न्हाईस ते," थोरला म्हणाला.

"मला तरी आत्ताच दिसलं की रं."

तेवढी मिशी मी खरवडून काढली. 

सरांचे आणि आप्पांचे उपकार आहेतच. पण खरं शिकवलं पारूबाईंनी. पुढं असं काम आलं की मी आधी विचारायची, नवराबायको नात्यातले का? आणि मिशी शेवटी काढायची, तीही बायकोला शेजारी बसवून. भाजल्याची खूण लेकरांत उतरत नाही.