मार्थाबाई आणि मोशे मामंजी

मार्थाबाई बायबल वाचत, ते भांडत भांडत. सकाळी शाळेची घंटा होण्याआधी व्हरांड्यात बसायच्या. पुढ्यात सुपात तांदूळ, शेजारी उघडं पुस्तक. बोटं खडे वेचत असायची आणि डोळे ओळींवर. मध्येच हात थांबायचा, मान वर व्हायची आणि पानाकडे बघून त्या म्हणायच्या, "भाऊजी, हे जरा जास्त झालं हं!"

भाऊजी म्हणजे प्रेषित पौल. मोशे हे त्यांचे मामंजी. त्यांच्या पुस्तकांपाशी आल्या की पदर सावरून घेत आणि आवाज खाली येई. पेत्र हा माहेरचा थोरला भाऊ, मनाने सोन्यासारखा पण तोंडाने उतावळा. येशूला मात्र त्यांनी कधी नात्यात ओढलं नाही. त्याला त्या नुसतं 'धनी' म्हणत.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला ती निंदाच वाटली. "बाई, पवित्र शास्त्राशी असं बोलतात?" मी विचारलं.

"मग कसं बोलू? पाहुण्यासारखं? अरे विनायका, सून मामंजींशी फार गोड गोड बोलायला लागली ना, की समजावं, तिचा जीव अजून माहेरी आहे."

मार्थाबाई रत्नागिरीच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत मुख्य बाई होत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. उंच, सावळ्या, चालताना चपला फटफट वाजायच्या. वर्गात पोचायच्या आधी मुली त्या आवाजानेच गप्प व्हायच्या. परवाच्या पावसाळ्यात त्या गेल्या. त्यांच्याबद्दल चार शब्द लिहा असं चर्चच्या मंडळीतले लोक म्हणाले, तेव्हा बहुतेकांच्या मनात त्यांची शिस्त आणि त्यांच्या हातचं जेवण असणार. माझ्या मनात मात्र एकच रविवार आहे. त्या रविवारचं सगळं खरं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. एका बाईला सोडून. तिचं पुढे येईल.

मी मूळचा सावर्ड्याकडचा, भिक्षुकाच्या घरचा. बाप्तिस्मा घेतला तेव्हा विशी नुकतीच ओलांडली होती. वडील माझ्या नावाने अंघोळ करून मोकळे झाले. मिशनने शाळेत मास्तरकी दिली आणि मार्थाबाईंनी जेवायला घातलं. त्यांच्या घरी रोज मासळी शिजायची. माझ्यासाठी त्या काही न विचारता वेगळ्या टोपात वरण-भात लावायच्या. "जातीचं जातं हळूहळू, जिभेचं फार हळू," एवढंच म्हणत.

खरं सांगायचं तर तिथली मोकळीक मला झेपत नव्हती. घरी सगळं ठरलेलं असायचं. काय शिवायचं, काय नाही, कुठल्या हाताने, कुठल्या वस्त्रात. इथे कुणी काही सांगेचना. अशात एकदा लेवीय, मोशेच्या नियमांचं पुस्तक, वाचायला घेतलं आणि घरी आल्यासारखं वाटलं. शुद्ध काय, अशुद्ध काय, कुणाला शिवल्यावर संध्याकाळपर्यंत बाजूला बसायचं, सगळं लिहिलेलं! त्या उन्हाळ्यात पाळकसाहेब प्रकृतीसाठी महाबळेश्वरी गेले आणि उपदेशाचं काम माझ्यावर आलं. मी रविवारमागून रविवार लेवीय सांगू लागलो. देवाचा शब्द अख्खा पाळायचा किंवा अख्खा सोडायचा, निवडानिवड चालणार नाही, असं बाह्या सरसावून सांगायचो.

लोकांना आवडलं. मंडळीचे पंच दाऊदराव, जन्म कोर्टात काढलेले, माना डोलवत म्हणायचे, "बरोबर. एक कलम पाळलं नि दुसरं गिळलं, असं कोर्टात चालत नाही."

मार्थाबाई दारात थांबून म्हणाल्या, "मामंजींचं पुष्कळ ऐकवलंस. धन्यांना कधी बोलू देणार आहेस?"

मी हसून वेळ मारून नेली.

आमच्या मंडळीत मांडवीची रखमा होती. नवरा होडीवर गेलेला तो परत आलाच नाही. लेकीला घेऊन तिने बाप्तिस्मा घेतला म्हणून भावकीने तिला वाळीत टाकलं होतं. होडीत वाटा नाही, जाळ्यात वाटा नाही. मग ओहोटीला खडकावर जायचं, कोयतीने शिंपले फोडून कालवं काढायची आणि घरोघर विकायची, यावर मायलेकी जगत. उपासनेला यायची तीही परस्पर खडकावरूनच. टोपली बाहेर पायरीवर ठेवायची, हात धुवायची आणि बायकांच्या चटईवर कडेला बसायची.

एका रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच ताटातली भाकर खायचा विधी. बाहेरगावचे एक वृद्ध पाळक त्यासाठी आले होते. भाकरीचं ताट फिरवायचं काम माझं. आदल्या रविवारीच मी लेवीयातला पाण्यातल्या जिवांचा अध्याय सांगितला होता. ज्याला पंख नाहीत, खवले नाहीत, ते किळसवाणं. त्याला शिवूही नये. कालवाला कुठले पंख नि कुठले खवले? रखमापाशी आलो. तिने ओंजळ पुढे केली. मी ताट वर उचललं आणि पुढच्या बाईपुढे धरलं.

ती ओंजळ तशीच राहिली. मग तिने ती हळूच मिटली, लेकीचा हात धरला आणि उठून बाहेर गेली. पायरीवरून टोपली उचलल्याचा आवाज आत ऐकू आला.

दुपारी मी मार्थाबाईंकडे जेवायला गेलो. माझा टोप चुलीवर नव्हता.

"बस," त्या म्हणाल्या. "जानवं काढलंस तेव्हा सोवळं कुठे ठेवलंस?"

"टाकलं मी ते, बाई."

"टाकलं नाहीस. घडी घालून लेवीयाच्या पानात ठेवलंस. आज काढून नेसलास." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तिला तिकडच्यांनी काढलं. आता इकडच्यांनीही काढलं. तिने जायचं कुठे, समुद्रात?"

गावभर झालं होतं. मांडवीचे लोक रखमाला वाटेत अडवून विचारू लागले, "काय गो, तुज्या नव्या देवाला पण वास येतो वाटतं?" तिने उपासनेला येणं सोडलं. बुधवारी दाऊदरावांनी मंडळीची सभा बोलावली. प्रश्न एकच: ख्रिस्ती माणसाने शास्त्राचं अक्षर न् अक्षर पाळायचं की नाही? पाळायचं ठरलं तर रखमाने एक तर कालवं सोडावीत नाही तर मंडळी.

मार्थाबाई बोलायला उठल्या. दाऊदराव चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, माफ करा, पण मंडळीत स्त्रियांनी गप्प राहावं असं पौलाने स्पष्ट लिहिलंय."

"लिहिलंय ना. आणि याच भाऊजींनी रोमकरांना पत्र लिहिताना फिबीबाईंना पुढे घातलंय, ही मंडळीची सेविका, तिचं स्वागत करा म्हणून. ती काय रोमला जाऊन तोंडाला पदर लावून बसली असेल? दाऊदराव, तुम्ही कोर्टातले. एकाच साक्षीदाराची अर्धी जबानी घेता होय?"

बायकांच्या चटईवर खसखस पिकली. दाऊदरावांनी हाताने 'बोला' अशी खूण केली.

"विनायका, अख्खं पाळायचं म्हणतोस ना? मग तुझं लेवीय काढ. कापणीचं सांगितलंय ते वाच. मोठ्याने."

मी वाचलं. शेत कापताना कडा कापू नयेत, पडलेली कणसं वेचू नयेत, ती गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू द्यावीत, अशा अर्थाचं ते.

"कळलं का?" त्या माझ्याकडे नाही, मंडळीकडे बघत होत्या. "समुद्र हे शेत. होडीवाले मधलं सगळं कापून नेतात. कड उरते ती खडकाची, ओहोटीची. ती कुणासाठी ठेवायला सांगितलीय मामंजींनी? गरिबासाठी, उपऱ्यासाठी. रखमा दोन्ही आहे. एका पानावर मामंजी म्हणतात कालवाला शिवू नको, दुसऱ्या पानावर म्हणतात कडेवरचं तिचं आहे, तिला घेऊ द्या. दोन्ही अक्षरं त्यांचीच. आता सांगा, कुठलं अक्षर कुठल्यापुढे वाकायचं?"

मी हातातलं पुस्तक मिटलं.

"मामंजींचा मान मी कधी मोडला नाही. पण त्यांच्याच घरात धनी मोठे झाले, आणि चूल आता धन्यांची आहे. काय राखायचं नि काय सोडायचं, ते धन्यांच्या तोंडाकडे बघून ठरवायचं. पेत्रदादाचंच बघा ना. दुपारची वेळ, पोटात कावळे ओरडतायत, नि वरून चादर उतरते, शुद्ध-अशुद्ध सगळे जीव तिच्यात. देव म्हणतो खा. हा म्हणतो, छे छे, मी असलं कधी शिवलो नाही! देवालाच सोवळं शिकवतोय!" इथे हशा पिकला. मग त्या हळू म्हणाल्या, "आणि ती चादर जेवणासाठी नव्हतीच. दारात परकी माणसं यायची होती, त्यांना आत घे म्हणून होती."

दाऊदरावांनी चष्मा काढून पुसला. कितीतरी वेळ पुसत होते. शेवटी म्हणाले, "बाई, माझं अपील नाही."

सभा मोडली. सगळे मार्थाबाईंभोवती जमले, बायका तर त्यांना मिठ्या मारायच्या बाकी होत्या. त्या गर्दीतून माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "जिंकलो आपण, आणि तीच अजून बाहेर आहे. बोलावणं तू करायचंस. चप्पल घाल, खडक कापतात."

मी मांडवीला गेलो. रखमा पाण्याच्या काठाशी वाकून कोयती मारत होती. मी सभेचा निर्णय सांगितला, शास्त्राचा अर्थ मला चुकीचा कळला होता म्हणालो. ती ऐकत राहिली, हात थांबला नाही.

"शास्त्राचं मला काय कळतंय, मास्तर. तुमच्यात काय ठरलं ते ठरलं. मी नाय येत."

तेव्हा मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हणालो, "रखमाबाई, शास्त्रामुळे नाही. तुम्ही हात पुढे केलेत तेव्हा मला वास आला. कालवांचा. मला किळस आली. ताट आधी उचललं गेलं. अध्याय मागून आठवला."

तिचा हात थांबला. माझ्याकडे बघून ती अशी हसली की पलीकडच्या खडकावरच्या बायकाही वळून बघू लागल्या.

"मेल्या, ते मला ठाऊक नव्हतं होय? नाक मुरडलंत तेव्हाच दिसलं! तुमचा देव मला वंगाळ म्हणतोय की तुमचं नाक, एवढंच मला कळत नव्हतं. आता कळलं." तिने टोपली कमरेवर घेतली. "नाकाचं काय एवढं. येते मी रविवारी."

मंडळी आजवर समजते की एक तरुण मास्तर शास्त्र चुकला आणि शहाण्या बाईने त्याला सुधारला. त्याबद्दल लोकांनी माझी नम्रताही वाखाणली, आणि मी ती वाखाणू दिली. मी शास्त्र चुकलो नव्हतो. मी माझ्या नाकाला शास्त्र नेसवलं होतं. मार्थाबाईंना हे मी कधी सांगितलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही, पण त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

वृद्ध पाळकांना पुन्हा बोलावण्यात आलं. त्या रविवारी रखमा आली ती एकटी नाही. लेक होतीच, आणि मागे मांडवीच्या चार-सहा बायका, टोपल्यांसकट, काय होतंय ते बघायला दारात दाटीवाटीने उभ्या. मिशनच्या देवळात समुद्राचा वास भरून राहिला. ताट माझ्याच हाती असावं असं मार्थाबाईंनी पाळकांना बजावलं होतं. मी रखमापाशी थांबलो. तिने भाकर घेतली, अर्धी मोडून लेकीला दिली, कपाळाला लावली आणि खाल्ली. दारातून कुणीतरी म्हणालं, "घेतलान् गो!"

रीत अशी, की ताट फिरवणाऱ्याला शेवटी पाळकांनी भाकर द्यायची. मी वळणार, तोच रखमाने माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. शांतपणे, पोरांना वाढताना घ्यावं तसं. त्यातला एक तुकडा उचलून तिने माझ्यापुढे धरला. बोटांना कालवांच्या धारेने झालेल्या बारीक जखमा होत्या.

अशी रीत कुठेच लिहिलेली नव्हती. दाऊदराव अर्धवट उठले. वृद्ध पाळकांनी डोळे मिटले होते. प्रार्थनेसाठी की मुद्दाम, ते देव जाणे.

"बसा, दाऊदराव," मार्थाबाईंचा वर्गातला आवाज घुमला. "घेऊ द्या त्याला. पोर कधीचं उपाशी आहे."

मी दोन्ही हात पुढे केले.