मासे, रेशीमकिडे आणि शेळके सर

शेळके सरांसमोर कुणीही कागद घेऊन उभं राहिलं, की ते कागदाकडं न बघताच म्हणायचे, "होणार नाय!" मग खुर्ची पुढं ओढायचे. "आता बोल. काय होणार नाय ते तरी कळू दे."

बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या पोरांना आमच्या कॉलेजात बसवायचं काम त्यांच्या गळ्यात होतं. मी रत्नागिरीहून लग्न होऊन उस्मानपुऱ्यात आलेली. बी.एस्सी.ची दोन वर्षं झाली होती, शेवटचं राहिलं होतं. पण तिकडं मी मत्स्यशास्त्राचा पेपर दिलेला आणि इथं त्याच जागी रेशीमकिडे! पेपर जुळला नाही तर दुसरं वर्ष पुन्हा. आणि सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, आधीच बजावलं होतं, "एकच साल म्हणून हो म्हणले. दुसरं साल मागितलं तर कॉलेज बंद." त्या बोलल्या की घरात कुणाची टाप नसे.

हे ऐकल्यावर सर तावातावानं उठले. त्यांचं प्राथमिक शिक्षण उर्दूत झालेलं. पोलीस ॲक्शननंतर निजामी राजवट गेली, शाळा मराठी झाली आणि त्यांना उचलून खालच्या वर्गात बसवलं. "गणित तेच, पोरगं तेच, साल मात्र गेलं! माझं गेलं ते गेलं. आता कुणाचं जाऊ देत नाय."

विद्यापीठात समितीची बैठक होती. मी बाहेर बाकावर, दार सताड उघडं. सर आत गरजत होते, "मासे अंडी घालतात, किडे बी घालतात. मासे रोगानं मरतात, किडे बी मरतात. मासे तोलून विकतात, कोष बी तोलूनच. राहिलं काय? पाणी!"

"मग यात म्हैससुद्धा बसेल की, शेळके," अध्यक्ष म्हणाले.

"म्हैस अंडी देत नाय साहेब, नायतर तिलाही बसवली असती."

अध्यक्षांना हसू आवरेना. मंजुरी मिळाली, पण एका अटीवर: किडे घरी पाळून, कोष तयार करून, ते प्रॅक्टिकलला दाखवायचे. त्यात नापास झाले की वर्ष गेलं.

सर छावणीतल्या एका ओळखीच्या बंगल्यातून तुतीचा पाला आणून द्यायचे. स्कूटरवर पुढं पोतं, मागं पोतं, मध्ये सर. आत्याबाई आधी नाक मुरडायच्या. पण शेतकऱ्याच्या घरातली बाई, उपाशी जीव बघवेना. आठवडाभरात पाला बारीक चिरायला त्याच बसू लागल्या, आणि मी हात लावला की ओरडायच्या, "सरक, तुला जमत नाय!" किडे टम्म फुगले. सुपांत पिवळेधमक कोष झाले.

आता कोष उकळत्या पाण्यात घालायचे, म्हणजे धागा सुटतो. मी पातेलं चढवलं आणि आत्याबाई सुपासमोर आडव्या आल्या. "आतमधी जित्ता हाय ना? मंग? लेकरावानी वाढवलं म्या!" मी रडले, रुसले, पाया पडले. काही उपयोग झाला नाही. पाखरं कोष फोडून बाहेर आली, धाग्याचे तुकडे झाले आणि माझं वर्ष त्या भोकातून उडालंच म्हणून मी सरांकडं धावले.

"अगं बया!" सरांनी कपाळावर हात मारला. "विद्यापीठ परवडलं, तुझी सासू नाय परवडत."

प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फुटके कोष बघून भुवया चढवल्या. सर मध्ये पडले. "अभ्यासक्रमात काय लिहिलंय? जीवनचक्र. उकळून मारला तर अर्धं चक्र. हिनं पाखरू काढलं, पाखराची अंडी बी आणली. हिचंच पुरं हाय!" परीक्षकांनी अभ्यासक्रम चाळला, सरांकडं पाहिलं आणि मुकाट्यानं मार्क दिले.

सर गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. भांडखोर म्हणून कॉलेजात त्यांची ख्याती होती. होतेच भांडखोर, माझ्यासाठी सख्खं माणूस भांडलं नसतं इतके भांडले. मला ते आठवतात ते निकालाच्या दिवशीचे. आत्याबाई नवं लुगडं नेसून माझ्याबरोबर कॉलेजात आल्या होत्या. मी पास झाले होते. पेढे दिल्यावर त्या जागच्या हलेनात. पदराशी चाळा करत, खाली बघत म्हणाल्या,

"मास्तर, हिला अजून पुढं शिकता येतं का?"

सरांनी खुर्ची पुढं ओढली.

"येतं की, अक्का. एम.एस्सी. हाय. पर दोन सालं लागतील."

"लागू द्या की," आत्याबाई म्हणाल्या.